फुगवट्यावरच्या घाटूळ मॅडम

पुण्याला मोसंबी टाकून परत येणाऱ्या टेम्पोत एरवी खताच्या गोण्या असतात, नाहीतर कुणाचं तरी जुनं कपाट. आठ वर्षांपूर्वी एका सकाळी टेम्पोवाल्या परमेश्वरनं मागचं फाळकं पाडलं, तेव्हा आत बारा फूट लांबीची, पिवळट पांढरी, होडीसारखी दिसणारी पण होडी नसलेली एक वस्तू आडवी पडलेली होती. पारावरच्या एकानं विडी बाजूला धरून विचारलं, "इमानाचं पंख आणलंस का बे?"

"मॅडमचं हाय," परमेश्वर म्हणाला. "पाण्यावर उभं राहायचं."

"कोण उभं राहणार?"

"मॅडम."

पारावर कुणी हसलं नाही, कारण कुणाचाच विश्वास बसला नाही.

मॅडम म्हणजे वनमाला घाटूळ. माजलगावच्या मुलींच्या शाळेत त्या खेळ शिकवतात आणि मी विज्ञान. आमचं गाव धरणाच्या फुगवट्याला लागून, उत्तरेच्या काठावर. त्यांच्या घरापासून माझं घर तिसरं. शाळेत रोज एकाच बसनं जात असूनही त्या दिवसापर्यंत मला माहीत नव्हतं, की या बाई एकेकाळी वाऱ्यावर शीड धरून पाणी कापत होत्या.

त्यांचे वडील मूळचे आष्टीचे, पण नोकरीनं पुण्याला गेलेले. कॉलेजात असताना वनमालाबाई एनसीसीच्या नौदल विभागात गेल्या, खडकवासल्याच्या पाण्यावर विंडसर्फिंग शिकल्या. तेविसाव्या वर्षी लग्न झालं आणि आमच्या गावात आल्या. मोसंबीची बाग, दोन म्हशी, सासू, पुढं एक मुलगा, शाळेची नोकरी. शिडाचा विषय संपला. मग शेहेचाळिसाव्या वर्षी शिक्षकांच्या शिबिरासाठी त्या पुण्याला गेल्या, तिथं जुनी मैत्रीण भेटली. ती आता मुलांना शिडाच्या होड्या शिकवत होती. तिच्याकडे बाद केलेली एक फळी शेडमध्ये पडून होती, दोन जागी तडकलेली, आणि एक फाटकं शीड. "घेऊन जा," मैत्रीण म्हणाली. "तुझ्याकडे एवढं मोठं पाणी आहे म्हणतेस."

पाणी होतंच. खिडकीतून दिसत होतं. तेवीस वर्षं दिसत होतं.

राधाकिशनभाऊ, म्हणजे मॅडमचे मालक, कमी बोलणारा माणूस. फळी अंगणात उतरवली तेव्हा त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, वाकून खालचं पातं पाहिलं, बोटानं तडा चाचपला आणि विचारलं, "हिला काठापर्यंत न्यायची कशी?" बस, एवढंच. आठवडाभरात त्यांनी भंगारातल्या लुनाच्या दोन चाकांवर एक गाडा बनवला. तड्यांत होड्यांना लावतात तसलं रसायन भरलं. शिडाला ठिगळ मॅडमनी स्वतः मशिनवर घातलं, सुई तीनदा मोडली.

अडचण होती ती केशरबाईंची. त्या मॅडमच्या सासूबाई. शरीर वाळक्या शेंगेसारखं, आवाज मात्र शेताच्या पलीकडच्या बांधाला ऐकू जाईल असा.

"कावून गं जायचं पाण्यावर?" त्यांनी विचारलं. "तिथं काय ठिवलंय?"

"आवडतं मला, आत्या," मॅडम म्हणाल्या. दुसरं कारण त्यांच्याकडे नव्हतं आणि त्यांनी ते शोधलंही नाही.

 तिसऱ्या दिवशी बशीत चहा ओतता ओतता केशरबाई म्हणाल्या, "माझं माहेर तिथं खाली हाय. धरणात गेलं तवा राधाकिसन तिसरीत हुता. भाऊ, भावजया, समदे पांगले. त्या दिवसापासून मी काही माहेराला गेले न्हाई." चहा फुर्रकन ओढून पुढं म्हणाल्या, "तू जातीस तर जा. कुणीतरी माहेराला जायलंय."

त्यानंतर त्यांच्या घरात तो विषय पुन्हा निघाला नाही.

सुरुवातीचे दिवस हसण्याचेच होते. ट्रॅकसूट, वर नारिंगी लाइफ जॅकेट, डोक्याला स्कार्फ बांधलेल्या मॅडम फळीवर चढायच्या, ओलं शीड दोरीनं वर ओढायच्या, अर्धं वर आलं की पाठीवर धप्पकन पाण्यात. एका संध्याकाळी मी एकोणीस वेळा मोजलं आणि मग मोजणं मलाच बरं वाटेना. शाळेतही बातमी गेली होती. स्टाफरूममध्ये एकानं विचारलं, "मॅडम, ह्या वयात?" मॅडम डबा उघडत म्हणाल्या, "ह्या वयात पडलं तर पाण्यातच पडावं सर. जमिनीवर लई लागतं."

महिनाभरात त्या उभ्या राहायला लागल्या. आमच्याकडे दुपारनंतर पश्चिमेचं वारं सुटतं, एकसारखं, ना फार जोराचं ना फार मंद. त्या वाऱ्यावर शीड तिरकं धरलं की आमच्या काठापासून पाण्याच्या मध्यापर्यंत जाता येतं आणि त्याच वाऱ्यावर परतही येता येतं. शाळेतून आल्यावर तासभर, रविवारी दोन तास. गावाला सवय झाली. म्हशी घेऊन येणारे लोक पाण्याकडे बघून वेळ ओळखायला लागले: मॅडम परत फिरल्या, म्हणजे धारेची वेळ झाली.

आता त्या रविवारचं सांगतो. याला दोन वर्षं झाली. एप्रिलचा शेवट होता. वार्षिक निकालाच्या तक्त्यांवर मॅडमच्या सह्या राहिल्या होत्या, म्हणून साडेचारच्या सुमाराला मी त्यांच्या घरी गेलो. केशरबाई ओसरीवर बसून चिंचोके फोडत होत्या. म्हणाल्या, "ती गेली पाण्यावर. बसा. येतीच." सकाळपासून असा उकाडा होता, की अंगातला सदरा पाठीला चिकटून सुटत नव्हता. आता दुपारचं वारंही पडलं होतं, कडुनिंबाचं पान हलत नव्हतं. काठावर जरा हवा असेल म्हणून मी तक्ते घेऊन तिकडेच गेलो. थोड्या वेळानं काठी टेकत केशरबाईही आल्या.

पाण्याच्या मधोमध मॅडमचं शीड दिसत होतं, उभं, पण हलत नव्हतं.

काठावरचं मी स्वतः पाहिलं. पाण्यावर काय झालं ते मला नंतर दोघींनी सांगितलं, एकदा मॅडमनी आणि तीन-चारदा छबुबाईंनी, आणि दोघींचं सांगणं जुळतं. फक्त छबुबाईंच्या लाटा जरा जास्त उंच आहेत.

छबुबाई आमच्याच गावच्या. धरणावर मासे धरतात. थर्माकोलचे मोठे तुकडे प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून दोरीनं आवळलेला त्यांचा तराफा. त्यावर मांडी घालून बसायचं आणि दोन्ही हातांत जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, दोन ताटल्या घेऊन पाणी मागं सारायचं. वल्हं नाही, काही नाही. वरच्या अंगाला, पश्चिमेकडं, पाण्यात बुडालेल्या बाभळींचे बुडखे आहेत, तिथं त्यांची जाळी. नवरा सकाळचे मासे घेऊन माजलगावच्या बाजारात गेला होता, म्हणून त्या दिवशी त्या एकट्याच होत्या. जाळं काढून परत येताना त्यांना मॅडम दिसल्या, शीड धरून उभ्या, जागच्या जागी.

"काय मॅडम, गाडी बंद पडली का?"

"वारं पडलंय, छबुबाई."

छबुबाईंनी ताटल्या मांडीवर ठेवल्या आणि हवेत तोंड वर केलं. "पडलं न्हाई ते. दबा धरून बसलंय. मागं बघा."

मॅडमनी मागं पाहिलं. मागं म्हणजे उत्तरेला, आमच्या गावाच्या बाजूला. उसाच्या फडांच्या वर आभाळ तांबूस झालं होतं, आणि ते आभाळ नव्हतं. जमिनीपासून वर चढलेली धुळीची भिंत होती. अजून आवाज नव्हता. बगळ्यांचा एक थवा पाण्याला पोट घासत दक्षिणेकडे निघून गेला.

"किती वेळ आहे?"

"च्या उकळायला लागतो तेवढा."

मॅडमना दोन गोष्टी एकदम कळल्या. गावचा काठ दीड किलोमीटरवर होता आणि तिथं जायला वारंच नव्हतं. आणि जे वारं येणार होतं, ते गावाकडून येणार होतं, त्यांना गावापासून लांब ढकलणारं.

त्यांनी शीड पाण्यात आडवं टाकलं. बुडालेलं शीड नांगरासारखं पाणी धरून ठेवतं, फळी उलटू देत नाही. मग छबुबाईंना म्हणाल्या, "तुमचा तराफा माझ्या फळीला बांधा आणि तुम्ही इकडे या."

"मी कावून येऊ? माझा तराफा हाय की."

"तराफा हलका आहे, छबुबाई. उडेल."

"धा वर्षं उडाला न्हाई."

तरी त्यांनी तराफ्याची दोरी फळीच्या टोकाला बांधली. स्वतः मात्र तराफ्यावरच बसून राहिल्या, जाळं मांडीखाली दाबून. मॅडमनी अंगातलं लाइफ जॅकेट काढून पुढं केलं, तर छबुबाईंनी हात झटकला. "मी पाण्यातच वाढले. तुमी घाला. तुमच्याकडं बघून मलाच धास्ती वाटायली."

आधी थंड हवेची एक झुळूक आली. छान वाटावी अशी, ओल्या मातीचा वास असलेली. मग काठाजवळचं पाणी काळं झालं. तो काळा पट्टा रुंद होत पुढं सरकायला लागला, जणू पाण्यावरून कुणी काळी सतरंजी ओढत आणत होतं. आणि मग आवाज.

काठावर आमच्यापर्यंत ते आधीच पोचलं होतं. माझ्या हातातले निकालाचे तक्ते मी छातीशी दाबले, तरी दोन गेले ते गेलेच. पत्रे वाजत होते. मी केशरबाईंना म्हणालो, "आजी, घरात चला." त्या खाली मातीतच बसल्या, पदर डोक्यावरून ओढून दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाल्या, "तुमी जा." मी कसा जाणार? मीही त्यांच्या शेजारी, वाऱ्याकडं पाठ करून बसलो. धुळीतून अधूनमधून पाणी दिसत होतं. शीड दिसत नव्हतं.

तिकडे पहिल्याच झोतात तराफा एका बाजूनं वर उठला आणि पत्रावळ पालथी पडावी तसा पालथा पडला. छबुबाई खाली. मॅडमनी फळीवर पालथं पडून हात पाण्यात घातला, हाताला काहीच लागलं नाही. मग तराफ्याच्या पलीकडून डोकं वर आलं, खोकत, शिव्या देत. दोरीला हिसका बसला, दोरी तुटली आणि तराफा पाण्यावरून टप्पे घेत निघून गेला. जाळंही गेलं, ताटल्याही गेल्या. छबुबाई चार हात मारून फळीपाशी आल्या, मॅडमनी दंडाला धरून त्यांना वर ओढलं.

दहा मिनिटं दोघी फळीवर पालथ्या पडून होत्या. डोळे मिटलेले, दातांत धूळ. मधूनच गोट्यांएवढे चार थेंब पाठीवर पडायचे आणि थांबायचे. छबुबाई रडत होत्या, पण भीतीनं नाही.

"माझं जाळं गेलं गं बाई! नवं जाळं!"

"जाळं सापडेल," मॅडम ओरडून म्हणाल्या. "कड धरून ठेव." या वेळेपर्यंत 'तुम्ही' कधी सुटलं, ते दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं.

मग झोत ओसरला. वारं थांबलं नाही, पण वेडंवाकडं राहिलं नाही. उत्तरेकडून एकाच दिशेनं, एकाच ताकदीनं वाहायला लागलं. लाटांचे शेंडे पांढरे झाले होते. छबुबाईंनी मान वर करून मागं पाहिलं आणि मॅडमचा दंड दाबला. "मागं आणखी येयलंय. ह्या खेपेला इजा चमकायल्यात."

धुळीच्या भिंतीमागे निळा-काळा ढग होता आणि त्यात खरोखरच वीज चमकत होती. पाण्याच्या मधोमध, उघड्यावर पडून राहणं शक्य नव्हतं. दक्षिणेचा काठ सव्वा-दीड किलोमीटर. नुसतं वाहत गेलं असतं तर तास लागला असता. शीड उभं केलं तर पाच मिनिटं. पण एवढ्या वाऱ्यात मॅडमनी शीड कधी धरलंच नव्हतं.

म्हणजे एकदा धरायची वेळ आली होती. मॅडमनी मला हे फार नंतर, बसमध्ये, खिडकीकडे बघत सांगितलं. त्या एकोणीस वर्षांच्या होत्या, खडकवासल्याला शर्यत होती, शेवटच्या वळणावर असंच वारं आलं. त्यांनी शीड पाण्यात टाकलं आणि फळीवर बसून राहिल्या. मोटरबोट येऊन घेऊन गेली. "सगळे म्हणाले, शहाणपणा केलास," मॅडम म्हणाल्या. "मला मात्र त्या रविवारपर्यंत कळलं नव्हतं सर, की मी शहाणी होते का भित्री."

फळीवर उठून बसत त्यांनी छबुबाईंना सांगितलं, "माझ्या मागं, फळीच्या शेवटाला पालथी पड. दोन्ही कडा धर. हलू नकोस. आणि काही झालं तरी माझा पाय धरू नकोस."

"तू काय करणार?"

"उभी राहणार."

पाण्यानं भरलेलं शीड ओल्या गादीसारखं जड असतं. पहिल्या वेळी अर्धं वर आलं आणि वाऱ्यानं ते मॅडमसकट पलीकडे फेकलं. दुसऱ्या वेळी पूर्ण वर आलं, आडवा दांडा हातात आला आणि त्याच क्षणी छबुबाईंनी त्यांचा घोटा धरला. दोघी पाण्यात.

"सांगितलं होतं ना, पाय धरू नको!"

"चुकून धरला!" छबुबाई थुंकत म्हणाल्या. "माणूस कायतरी धरणारच की!"

मॅडमना हसू आलं. त्या म्हणतात, त्या हसण्यानंच हातातला ताठरपणा गेला. तिसऱ्या वेळी त्यांनी शीड हिसकून ओढलं नाही. वारा त्याच्याखाली शिरेपर्यंत थांबल्या, वाऱ्यानंच ते उचललं. दांडा हातात येताच त्यांनी सगळं अंग मागं टाकलं. आरामखुर्चीत बसतात तसं, पाण्याच्या वर, नुसत्या वाऱ्याला टेकून.

आणि फळी निघाली.

काठावर धूळ जरा विरळ झाली होती. मी डोळ्यांवर हात धरून बघत होतो, मला काही दिसत नव्हतं. केशरबाईंची नजर अधू आहे असं सगळे म्हणतात. पण आधी त्यांनाच दिसलं. माझ्या मनगटाला धरून त्या म्हणाल्या, "उभी राहिली." खूप लांब, लाटांवर, नखाएवढं शीड उभं होतं आणि ते आमच्यापासून दूर, दक्षिणेकडं, तिरकं, विश्वास बसणार नाही इतक्या वेगानं चाललं होतं.

"लांब जायलीय आजी," मी म्हणालो.

"जाऊ द्या. उभी हाय ना?"

फळीवर पहिलं अर्धं मिनिट छबुबाईंनी डोळे उघडले नाहीत. नुसता फटफट आवाज येत होता, फळीचं तोंड लाटांवर आपटत होतं आणि तुषार चाबकासारखे लागत होते. मग त्यांनी एक डोळा उघडला. पाणी त्यांच्या नाकापासून चार बोटांवर होतं आणि फीत सोडावी तसं मागं चाललं होतं. आयुष्यभर त्यांनी हे पाणी दोन ताटल्यांनी इंच इंच मागं सारलं होतं.

"मॅडम!" त्या ओरडल्या. "पाणी मागं पळायलंय!"

"कडा धर!"

"धरल्यात! अजून जोरात जातंय का?"

मॅडमनी अंग आणखी मागं टाकलं. फळी पाण्यातून वर उठली. आता आपटणं थांबलं, नुसती एक सळसळ राहिली. हात दुखत होते, खांदे दुखत होते, तळव्यांची सालटं निघत होती आणि मॅडमना त्याचं काही नव्हतं. भीती होती, पण ती कुठंतरी शेजारी, बसमध्ये बाजूच्या सीटवर बसलेल्या माणसासारखी. त्या मला म्हणाल्या, "सर, तेवढी पाच मिनिटं मी कुणाची कुणीच नव्हते. लई बरं वाटलं."

मागून छबुबाई जोरजोरात हसत होत्या.

दक्षिणेच्या काठाला उन्हाळ्यात पाणी मागं हटतं, तिथल्या उघड्या गाळात लोक टरबुजं लावतात. महारुद्रअप्पा नावाचे एक गृहस्थ तिथल्या आपल्या वेलांवर टाकलेले कागद वाऱ्यात सावरत होते. धुळीतून एक शीड थेट आपल्याकडं येताना त्यांना दिसलं. ते कागद सोडून उभे राहिले. फळी गाळात शिरली, थबकली, आणि तिच्यावरच्या दोन्ही बाया पुढं टरबुजांत जाऊन पडल्या. एक साडीतली, एक ट्रॅकसूटमधली, दोन्ही चिखलानं सारख्याच रंगाच्या.

अप्पांनी जवळ येऊन नमस्कार केला. दुसरं काय करावं, ते त्यांना सुचलं नसावं. "कुठल्या गावच्या म्हणायच्या तुमी?" त्यांनी विचारलं.

छबुबाईंनी चिखलाचा हात वर करून पाण्यापलीकडं दाखवला. "तिकडच्या. आत्ताच निघालो."

वीज जवळ यायच्या आत तिघं अप्पांच्या पत्र्याच्या खोलीत शिरले. पाऊस आला तो नावापुरता, पत्र्यावर वाजला आणि गेला. अप्पांनी एक टरबूज गुडघ्यावर फोडलं. छबुबाईंनी अर्धं खाल्लं, बिया मोजून थुंकाव्यात तशा एकेक थुंकत, आणि मधेच म्हणाल्या, "माझं जाळं मात्र गेलं बघा अप्पा." मॅडमना टरबुजाची फोड धरता येत नव्हती, बोटं मिटतच नव्हती. ती छबुबाईंनी भरवली.

अप्पांच्या मोबाइलवरून मॅडमनी घरी फोन लावला. मालकांचा नंबर लागेना. मग माझा लावला, तो शाळेच्या कामामुळं त्यांना पाठ होता. मी केशरबाईंच्या कानाला फोन धरला. त्यांनी ऐकलं, "हां, हां," म्हणाल्या आणि मला विचारलं, "हे बंद कसं करायचं?" त्यानंतर काठी टेकून उठल्या आणि घराकडं चालायला लागल्या. चार पावलं गेल्यावर थांबल्या, पदरानं तोंड पुसलं, धूळ होती का दुसरं काही ते मी विचारलं नाही.

राधाकिशनभाऊंचा नंबर लागत नव्हता, कारण ते केव्हाच परमेश्वरला टेम्पोसकट घेऊन धरणाच्या भिंतीवरून पलीकडं निघाले होते. वादळ दिसताच ते बागेतून निघाले होते, वाटेत पडलेली बाभूळ त्यांनी आणि परमेश्वरनं ओढून बाजूला केली. वारं कुठून कुठं चाललंय ते त्यांनी पाहिलं होतं. बायको कुठं लागेल याचा अंदाज त्यांनी वाऱ्यावरूनच केला होता. काठाकाठानं विचारत ते दिवेलागणीला अप्पांच्या खोलीपाशी पोचले. मॅडम दारात उभ्या होत्या.

भाऊंनी आधी त्यांच्याकडं पाहिलं, वरपासून खालपर्यंत. मग तळवे उलटे करून पाहिले. मग म्हणाले, "फळी कुठंय?"

"गाळात."

"चला, काढू."

परमेश्वर सांगतो, टेम्पोत बसल्यावर गाव येईपर्यंत भाऊंनी मॅडमचा हात सोडला नाही. टेम्पो परमेश्वर चालवत होता, म्हणून गिअरपुरताही सोडावा लागला नाही.

जाळं तिसऱ्या दिवशी सापडलं, दक्षिणेच्या काठाजवळच्या बाभळीत अडकलेलं, दोन ठिकाणी फाटलेलं. तराफा मिळाला नाही. छबुबाईंनी आठवड्यात नवा बांधला. आणि मग एका संध्याकाळी त्या मॅडमच्या ओसरीवर येऊन बसल्या. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, तरी उठेनात.

"काय छबुबाई?" मॅडमनी विचारलं.

"मी काय म्हंते," छबुबाई म्हणाल्या, "माझी जाळी वरल्या अंगाला. येताना वारं पाठीशी असतंय. आन् मी येडी, ताटल्या मारीत येते. रात्री खांदे उचलत न्हाईत. तराफ्याला शीड लावता येतंय का?"

मॅडमनी कागद घेतला. पहिला प्रयोग फसला. बांबू तराफ्याच्या मधोमध रोवला होता, वारं लागताच बांबू थर्माकोल फोडून बाहेर आला. दुसऱ्यात तराफा गोल गोल फिरायला लागला. मी विज्ञानाचा मास्तर, म्हणून मलाही काठावर बोलावून विचारण्यात आलं. मी वहीत बाण काढून दिले, ते कुणी वापरले नाहीत. शेवटी भाऊंनी तराफ्याखाली लाकडी चौकट बसवली, बांबू पुढच्या बाजूला सरकवला, आणि मागं एक फळकूट दिलं, दिशा धरायला. राहिलं शीड. ताडपत्री जड पडत होती. छबुबाईंच्या नवऱ्यानं गावच्या फाट्यावरून एक उतरवलेला फ्लेक्स आणला, कुण्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा. बरोब्बर मापाचा निघाला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात छबुबाई वरच्या अंगाहून शीड लावून आल्या. आम्ही सगळे काठावर होतो. तराफ्यावर मांडी घालून बसलेल्या, हात मोकळे, एका हातात पानाचा विडा, आणि डोक्यावरच्या शिडात हात जोडून हसणारा तो पुढारी. काठाला लागल्यावर त्या उतरल्या, खांदे फिरवून पाहिले आणि म्हणाल्या, "काहीच दुखंना. सवय न्हाई, कसंतरीच वाटायलंय."

आता आमच्या काठावर अशी सहा शिडं आहेत. वाढदिवस, अभिनंदन, नवरात्राच्या शुभेच्छा, एक क्लासची जाहिरात. पुढच्या वर्षी निवडणुका आहेत, तेव्हा कापडाची ददात नाही, असं छबुबाई म्हणतात. संध्याकाळी ते सगळे चेहरे वाऱ्यावर फुगून ओळीनं खाली येतात आणि त्यांच्या मधून मॅडम आडव्या निघून जातात, आपल्या ठिगळाच्या पांढऱ्या शिडावर. जोराचं वारं आलं तरी आता त्या शीड टाकत नाहीत. ढगात वीज दिसली तर मात्र घटकाभरात काठावर असतात. त्याबाबतीत त्या कुणाचं ऐकत नाहीत, छबुबाईंचं तर मुळीच नाही.

केशरबाई काठावर दगडावर बसलेल्या असतात. वाचता येत नाही, पण चेहरे सगळे पाठ आहेत. परवा मी शेजारून जात होतो तर म्हणाल्या, "मास्तर, तो मिशावाला अजून आला न्हाई आज. जरा बघा बरं, अडकला का काय बाभळीत."

मी पाहिलं. मिशावाला येत होता, हळूहळू, जरा कलंडून. त्याच्याखाली छबुबाईंचा नवरा खुशाल झोपला होता.